छायाचित्रांच्या फाईलींचे रूपांतर : सोय आणि सावधगिरी

मनमाड हे नाव साऱ्या महाराष्ट्राला रेल्वेचे जंक्शन म्हणून परिचित आहे. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील या गावी मुंबई–भुसावळ लोहमार्गाला दौंडकडील मार्ग १८७८ साली येऊन मिळाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथून सिकंदराबाद येथवर जाणारा मार्गही येथूनच निघाला. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर असलेला होता. मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा. एका मार्गाची वाघीण दुसऱ्या मार्गावर चालणे शक्य नसे. साहजिकच मराठवाड्याकडून येणारा माल मुंबईकडे न्यायचा, तर तो मनमाडला उतरवून पुन्हा दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. माल तोच, मालकही तोच. परंतु रूळ बदलला की नवी वाघीण लागे. आणि पोते जितक्या वेळा उतरवावे, तितक्या वेळा त्यातील थोडे धान्य सांडावयाचेच.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या मार्गाच्या मनमाडकडील भागाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि ती चढउतार इतिहासजमा झाली. परंतु तिच्याशी मिळतीजुळती एक चढउतार आज वेगळ्याच धक्क्यावर चालू आहे. तो धक्का म्हणजे गावोगावच्या सेवा केंद्रांतील, शाळांतील आणि ग्रामपंचायतींतील संगणक. आणि तेथील माल म्हणजे छायाचित्रे, सह्या, दाखले व गुणपत्रिका यांच्या फाईली.

अडचण नेमकी कोठे येते

मनमाडसारख्या ठिकाणी रेल्वे वा बँकेच्या भरतीच्या दिवसांत, किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की, नेहमी आढळणारा एक प्रसंग घ्या. आसपासच्या खेड्यातून आलेली एखादी विद्यार्थिनी सेवा केंद्रात बसलेली असते. अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असते. सारी माहिती भरून होते आणि छायाचित्राच्या रकान्याशी गाडी अडते.

“ताई, हा फोटो एचईआयसी आहे. साइट घेत नाही. जेपीजी करावा लागेल,” केंद्रचालक सांगतो.

“पण दादा, फोटो तर मोबाईलवर चांगला दिसतोय!”

दोघांचेही म्हणणे खरे असते. फोटो चांगलाच असतो. तो फक्त दुसऱ्या गेजच्या वाघिणीत असतो. मग घाईघाईने इंटरनेटवर शोध घेतला जातो, समोर येईल त्या पहिल्या फुकट संकेतस्थळावर छायाचित्र टाकले जाते, पाठोपाठ आधार कार्ड आणि गुणपत्रिकाही टाकली जाते, आणि काम होते. काम झाले म्हणून सारे समाधानी असतात. परंतु ही कागदपत्रे कोठे गेली, कोणाच्या हाती राहिली आणि त्यांतील किती तपशील वाटेत गळाला, याचा विचार क्वचितच होतो. आज अनेक शासकीय सेवांचा आणि भरतीचा मार्ग ऑनलाइन अर्जातून जातो. अशा वेळी या लहानशा क्रियेविषयी अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

फाईलीचे ‘स्वरूप’ म्हणजे काय

संगणकाच्या दृष्टीने कोणतेही छायाचित्र म्हणजे लहान लहान ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या प्रमाणाने ठरतो आणि प्रत्येक घटकाला साधारणतः एक बाइट जागा लागते. ही सारी आकडेवारी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या युक्तीने आटोपशीर करून साठवावी, याचे जे नियम, तेच फाईलीचे स्वरूप अथवा फॉरमॅट.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. फाईलीच्या नावाचे शेपूट बदलले म्हणजे स्वरूप बदलले, असे मुळीच नाही. वाघिणीवरील पाटी बदलल्याने तिच्या चाकांतील अंतर बदलत नाही. प्रत्येक स्वरूपाची खूण फाईलीच्या आरंभीच्या बाइटांत असते. उदाहरणार्थ, पीएनजी फाईलीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या बाइटांत ‘पी’, ‘एन’, ‘जी’ ही अक्षरेच असतात. अर्ज स्वीकारणारी संगणकप्रणाली अनेकदा नाव न पाहता ही खूण पाहते. म्हणूनच केवळ नाव बदललेली फाईल नाकारली जाते आणि उमेदवार बुचकळ्यात पडतो.

एका भारतीय संशोधकाची देणगी

आज सर्वाधिक वापरले जाणारे स्वरूप म्हणजे जेपीईजी, अर्थात व्यवहारातील जेपीजी. छायाचित्रतज्ज्ञांच्या ज्या आंतरराष्ट्रीय समितीवरून हे नाव पडले ती १९८६ साली स्थापन झाली आणि तिचे मानक १९९२ साली मान्य झाले. या मानकाच्या मुळाशी जी गणिती पद्धत आहे, ती बंगळूरमध्ये जन्मलेल्या डॉ. नासिर अहमद यांनी सुचविलेली होती. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. तथापि त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील असंख्य छायाचित्रे या पद्धतीने साठविली जातात, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

या पद्धतीचे मर्म असे की, मानवी डोळा उजेड-अंधारातील फरक चटकन टिपतो, परंतु रंगांतील सूक्ष्म फरक त्याला तितकासा जाणवत नाही. तसेच अतिबारीक चढउतारांकडेही त्याचे लक्ष जात नाही. जेपीईजी पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील ठळक बदल राखले जातात आणि डोळ्यास न जाणवणारे बारकावे सोडून दिले जातात. त्यामुळे फाईल अनेक पटींनी लहान होते.

परंतु जे सोडले ते सोडले. जेपीजी फाईल उघडून, फेरफार करून पुन्हा पुन्हा साठविली, तर दर खेपेस थोडा तपशील गळतो. मनमाडच्या मालधक्क्यावरील पोत्याचीच ही गत. सांडलेले धान्य जसे पोते बदलल्याने परत येत नाही, तसेच जेपीजीचे पुढे पीएनजी केल्याने गेलेले बारकावे परत येत नाहीत. फक्त फाईल विनाकारण मोठी होते.

कोणत्या कामाला कोणते स्वरूप

पीएनजी हे स्वरूप १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात काहीही न गमावता चित्र साठविले जाते. सही, शिक्का, नकाशा, आलेख, अक्षरांचा मजकूर यांसारख्या ठळक कडा असलेल्या चित्रांना ते उत्तम. चेहऱ्याचे छायाचित्र मात्र पीएनजीत मोठी जागा व्यापते. त्यासाठी जेपीजीच सोयीचे. पीएनजीत पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. जेपीजीत तशी सोय नाही. म्हणून पारदर्शक कागदावर घेतल्यासारखी दिसणारी सही जेपीजीत रूपांतरित करताना कधी कधी सारी चौकट काळी होते. अशा वेळी आधी पांढरी पार्श्वभूमी भरून घ्यावी.

एचईआयसी हे नव्या पिढीतील स्वरूप आहे. ॲपल कंपनीने २०१७ पासून आपल्या आयफोनमध्ये ते वापरात आणले. कमी जागेत चांगले चित्र बसते हा त्याचा गुण. परंतु अनेक संकेतस्थळे ते स्वीकारीत नाहीत. गूगलने २०१० साली पुढे आणलेले वेबपी हे स्वरूप संकेतस्थळांवरील चित्रांसाठी वापरले जाते. तेही अर्जाच्या वेळी पुष्कळदा अडते. पीडीएफ हे १९९३ सालचे स्वरूप मुळात चित्राचे नव्हे, तर दस्तऐवजाचे आहे. अनेक पानांचा दाखला वा गुणपत्रिका पाठविण्यास ते योग्य.

केबीचा हिशेब

अर्ज भरताना होणारा दुसरा घोटाळा आकारमानाचा. बँक कर्मचाऱ्यांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेलचे व २० ते ५० केबीचे, आणि सही १४० बाय ६० पिक्सेलची व १० ते २० केबीची असावी, असे वर्षानुवर्षे नमूद होत आले आहे. इतर परीक्षांची मापे वेगळी असतात आणि ती बदलतही असतात. म्हणून प्रत्येक वेळी त्या त्या जाहिरातीतील सूचना वाचणे हाच उपाय. तथापि हिशेबाचे तत्त्व सर्वत्र एकच आहे, आणि ते समजले तर निम्मी अडचण दूर होते.

मोबाईलने काढलेले ४,००० बाय ३,००० पिक्सेलचे छायाचित्र घेऊ. त्यात १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर मूळ माहिती ३ कोटी ६० लाख बाइट होते. ती ५० केबीत बसवायची म्हणजे सुमारे सातशेव्या हिश्शात दाबायची. असे करू गेल्यास चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळेच दिसू लागतात. उलट २०० बाय २३० पिक्सेलच्या चित्रात ४६,००० ठिपके, म्हणजे १ लाख ३८ हजार बाइट, अर्थात सुमारे १३५ केबी इतकीच मूळ माहिती असते. ती ५० केबीत सुखाने बसते आणि चेहराही स्वच्छ दिसतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम चित्राची नको असलेली बाजू कातरून लांबी-रुंदीचे प्रमाण जुळवावे. नंतर पिक्सेलची संख्या कमी करावी. शेवटी, गरज उरल्यासच, दर्जा किंचित उतरवावा. कातरण्यापूर्वीच मापे लादली, तर चेहरा ताणलेला वा चेपलेला दिसतो आणि छाननीत अर्ज बाद होण्याचा संभव असतो.

ऑनलाइन रूपांतर : सोय कोणाची?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणारी संकेतस्थळे विपुल आहेत. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आपली फाईल त्या संस्थेच्या दूरस्थ संगणकावर जाते, तेथे रूपांतरित होते आणि परत येते. दुसऱ्या प्रकारात रूपांतराची सामग्रीच आपल्या ब्राउझरमध्ये उतरते आणि काम आपल्याच यंत्रावर होते. गूगलच्या तंत्रज्ञांनी २०१८ साली खुले केलेले स्क्वूश हे साधन दुसऱ्या प्रकारचे आहे.

हे दोन प्रकार ओळखण्याची एक सोपी प्राथमिक कसोटी आहे. संकेतस्थळ पूर्ण उघडल्यावर यंत्राचे इंटरनेट बंद करावे आणि एखादे निरुपद्रवी चित्र, समजा झाडाचे किंवा शाळेच्या फाटकाचे, रूपांतरास द्यावे. काम झाले तर ते आपल्याच यंत्रावर होत आहे; अडले तर फाईल बाहेर जाते असे समजावे.

फाईल बाहेर जाण्यात बिघडते कोठे? आधार कार्ड, सही आणि चेहरा या तीन गोष्टी एकाच वेळी अनोळखी माणसाच्या हाती पडल्या, तर आपल्या नावे व्यवहार उभा करण्याचे साहित्यच त्याला मिळते. आपण कोऱ्या कागदावर सही करून तो रस्त्यावरील अपरिचिताला देत नाही. येथे मात्र त्याहून अधिक देतो. शिवाय मोबाईलने काढलेल्या मूळ छायाचित्रात ते कोठे व केव्हा काढले याची नोंदही दडलेली असू शकते. अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेच्या डेन्व्हर येथील कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता की, फुकट रूपांतराच्या बनावट साधनांतून घातक प्रणाली लोकांच्या संगणकांत शिरविल्या जात आहेत. अशी साधने सांगितलेले काम करूनही देतात. म्हणून संशय येत नाही. आपण दिलेल्या फाईलींतून ओळखक्रमांक व बँकेचा तपशील उचलला जाण्याचा धोकाही त्या इशाऱ्यात नमूद होता.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदा संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा नागरिकाच्या पाठीशी आहे. परंतु परदेशातील निनावी संकेतस्थळावर स्वतः नेऊन दिलेला कागद परत आणणे कोणत्याही कायद्याला सोपे नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.

यंत्र आपले, काम आपले

समाधानाची गोष्ट अशी की, बहुतेक रूपांतरांसाठी बाहेर जाण्याची गरजच नसते. विंडोज प्रणालीच्या संगणकात पेंट हे साधन असतेच. त्यात चित्र उघडावे, ‘रिसाइझ’ या आज्ञेने पिक्सेलची मापे द्यावीत आणि ‘सेव्ह ॲज’ या आज्ञेने जेपीजी वा पीएनजी निवडून नव्या नावाने साठवावे. अधिक काम असलेल्या कार्यालयांनी गिम्प अथवा इमेजमॅजिक ही विनामूल्य व खुली साधने एकदा बसवून घ्यावीत. इमेजमॅजिकने एकाच आज्ञेत शेकडो फाईलींचे रूपांतर होते. शाळेतील साऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे एका मापात आणावयाची असतील, तर हे साधन शिक्षकांचे दिवसाचे काम काही मिनिटांवर आणते.

आयफोन वापरणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास पुढील छायाचित्रे जेपीजीतच निघतात. एचईआयसीचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पाठविताना ते ‘फोटो’ म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे वाटेत आक्रसत नाही. आधारची प्रत जेथे केवळ ओळखीपुरती हवी असेल व जेथे चालत असेल, तेथे शेवटचे चारच अंक दर्शविणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. आणि सेवा केंद्रातील संगणकावर काम झाले की नागरिकाच्या फाईली त्याच्यासमक्षच पुसून टाकाव्यात. कचरापेटीसुद्धा रिकामी करावी. नागरिकानेही त्यासाठी आग्रह धरण्यास संकोचू नये.

जुन्या दप्तराचा प्रश्न

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि पंचायत सदस्य व मुख्याध्यापक यांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची ठरावी. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर ही दप्तरे जुनी होत चालली आहेत. एखाद्या कुटुंबाचा जातपडताळणीचा दावा कित्येक दशकांपूर्वीच्या शालेय नोंदीतील एका शब्दावर अवलंबून असू शकतो. काही ठिकाणी तो शब्द मोडी लिपीत असतो, शाई उडालेली असते, कागदाला हात लावला की तुकडा पडतो.

अशा दप्तराचे स्कॅनिंग करताना ‘केबी कमी करा’ हा अर्जाच्या वेळचा नियम लागू करणे म्हणजे घोर नुकसान होय. फिकट शाईचा फराटा हाच नेमका तो बारकावा असतो, जो जेपीजीची दाबणूक अनावश्यक समजून टाकून देते. अर्जातील छायाचित्र बिघडले तर दुसरे काढता येते. जीर्ण कागद नष्ट झाला तर दुसरी संधी नाही. म्हणून दप्तराची पहिली प्रत इंचाला किमान ३०० ठिपके या मापाने टिफ वा पीएनजी स्वरूपात घ्यावी. ती मूळ प्रत समजून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपावी आणि तिला हात लावू नये. रोजच्या वापरासाठी, नक्कल देण्यासाठी तिच्यावरून लहान जेपीजी वा पीडीएफ प्रती काढाव्यात. मोठ्यातून लहान केव्हाही करता येते. लहानातून मोठे कधीच नाही. आणि अशा फाईली बाहेरच्या फुकट संकेतस्थळावर तर कदापि टाकू नयेत; त्या एका नागरिकाच्या नव्हे, साऱ्या गावाच्या असतात.

समारोप

तात्पर्य, छायाचित्राचे रूपांतर ही कारकुनी बाब वाटली, तरी तिच्यावर कोणाची नोकरी, कोणाची शिष्यवृत्ती, तर कोणाचा पिढीजात हक्क अवलंबून असतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुरे : मूळ फाईल कधीही पुसू नये, रूपांतर शक्यतो आपल्याच यंत्रावर करावे, आणि आधी माप, मग दर्जा हा क्रम पाळावा. प्रत्येक शाळेने वर्षारंभी एक तास आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एखाद्या मासिक बैठकीतील थोडा वेळ यासाठी काढला, तर अखेरच्या रात्रीची धावपळ पुष्कळ अंशी टळेल.

मनमाडच्या मालधक्क्यावर माल उतरवून घेताना पावती लिहून घेतली जाई, कारण माल दुसऱ्याचा असे. संगणकासमोर बसलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने हीच जाणीव ठेवावी. पडद्यावरील फाईल केवळ फाईल नसते. ती कोणाची तरी अमानत असते.